खाऊचं पाकीट भंगारवाल्यालाही नको

संपादक महोदय,

मी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीनंतर मैदान झाडलं की निघतात चिप्सची पाच-पाच रुपयांची पाकिटं. बाहेरून कार्टून, आतून चंदेरी. प्लास्टिकवरचा धातूचा थर वेगळा करणं परवडत नाही. त्यामुळे दुधाच्या पिशव्या नेणारा भंगारवालासुद्धा ती उचलत नाही.

पोरांना वेड मात्र त्या चित्राचंच. मग ते चित्र फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याचे लाडू, सुकेळी यांच्या वाट्याला का येऊ नये? गेल्या महिन्यात वर्गात साध्या कागदाच्या पुड्या केल्या, प्रत्येकीवर हत्तीचं अर्धं चित्र काढलं आणि आत फुटाणे भरले. उरलेला अर्धा हत्ती शेजाऱ्याच्या पुडीवर! फुटाणे तर संपलेच, पुड्याही पोरांनी उलगडून वहीत चिकटवल्या.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घड उतरल्यावर उरणाऱ्या खोडाच्या धाग्यापासून कागद होतो, तरी आपल्याकडे कितीतरी खोडं बांधावरच कुजतात. या कागदाच्या पुड्या बचत गटांकडून करून घेऊन जिल्हा परिषदेने निदान चार-दोन शाळांत तरी हा खाऊ द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, रावेर