पेटीतली पत्रे आणि मानद वाणिज्यदूत : नॉर्वेच्या परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री, नॉर्वे, यांस,

सविनय नमस्कार.

मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेली मराठी बाई. नॉर्वेशी माझे रक्ताचे नाते नाही. हे पत्र लिहिते आहे ते शेजारच्या नॉर्वेजियन वंशाच्या आजींसाठी. त्यांच्या पणजोबांनी बोटीतून आणलेली लाकडी पेटी आजही दिवाणखान्यात आहे. तिच्यावर निळ्या-तांबड्या वेलबुट्टीत मालकाचे नाव आणि साल रंगवलेले आहे. आत गॉथिक वळणाच्या अक्षरांतील पत्रांचा गठ्ठा आहे, आणि आमच्याकडे वाड्यातल्या मोडी कागदांचे जे झाले तेच त्याचे झाले आहे : जपला सगळ्यांनी, पण वाचता कोणालाच येत नाही.

1825 मध्ये नॉर्वेतल्या स्टावांगर बंदरातून ‘रेस्टोरेशन’ हे छोटे जहाज न्यूयॉर्कला आले आणि पुढच्या शतकभरात सुमारे 8 लाख माणसे आपला देश सोडून अमेरिकेत आली. त्यांतील अनेकांनी शेतवाडीचे नाव आडनाव म्हणून लावले, जसे आम्ही गावाच्या नावाला ‘कर’ जोडतो. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल यांचे आडनावही मुंडाल या गावावरूनच आलेले. येथल्या मिनियापोलिस शहरातला पूर्णवेळ महावाणिज्य दूतावास बंद करून तेथे मानद वाणिज्यदूताचे कार्यालय ठेवण्याचा आपल्या सरकारचा निर्णय येथील लोकांना फार लागला होता. 2008 मध्ये मानद वाणिज्यदूताची ती जबाबदारी मॉन्डेल यांनीच स्वीकारली.

मानद वाणिज्यदूत याच मातीतला असतो, विनावेतन काम करतो, आणि येथील विद्यापीठे, व्यापारी व चर्चची मंडळी यांना तो नावानिशी ओळखतो. हे बळ बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याकडे सहसा नसते. मात्र स्वतःचा व्यवसाय सांभाळणाऱ्या माणसाकडून 17 मेच्या संविधानदिनाला हजर राहण्यापलीकडे किती अपेक्षा करावी? वाणिज्यदूतांच्या कामाविषयीच्या 1963 च्या व्हिएन्ना कराराने सांस्कृतिक संबंध वाढवणे हेही वाणिज्यदूताचे कर्तव्य मानले आहे, आणि त्यासाठी हाताखाली माणूस लागतो.

आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने चर्चच्या जुन्या नोंदवह्या संगणकावर मोफत खुल्या केल्या, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आता जेथे नॉर्वेजियन वंशाची वस्ती दाट आहे तेथील मानद कार्यालयांत, जुनी लिपी वाचू शकेल आणि मूळ गावाच्या नगरपालिकेशी पत्रव्यवहार करून देईल असा एक तरी पगारी सहायक कायमस्वरूपी नेमावा, ही कळकळीची विनंती आहे. आजी 92 वर्षांच्या आहेत. त्या पत्रांत काय लिहिले आहे, हे त्यांना ऐकायचे आहे.

आपली नम्र,
मिनियापोलिसची एक रहिवासी