पाझर तलावांत गाळ, घरांना कुलूप

महोदय,

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील आमच्यासारख्या लहान गावांनीही एके काळी चांगले दिवस पाहिले, हे नव्या पिढीला सांगूनही पटत नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्या हातांनी खडी फोडली, त्याच हातांनी पुढे रोजगार हमीच्या कामांवर पाणी जमिनीत मुरवणारे पाझर तलाव आणि नालाबांध उभे केले. विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकू लागले, रब्बीची ज्वारी आणि करडई भरघोस येऊ लागली आणि कडब्याच्या गंजीवरून घराची ऐपत ओळखली जाऊ लागली.

उतरण हळूहळू आली. वाटण्यांनी शेतांचे तुकडे झाले, ज्वारीची जागा कापूस व सोयाबीनने घेतली, तलावातला गाळ कोणी काढला नाही आणि जो तो आणखी खोल बोअर घेत गेला. परिणामी जुन्या विहिरींचे झरे आटले. आता दिवाळी सरली की मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. आमच्या गल्लीत मग दारांना कुलुपे आणि ओट्यावर म्हातारी माणसे एवढेच उरते. सोबत गेलेल्या मुलांची शाळा उसाच्या फडातच संपते आणि माझ्या मते गावाचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

शासनाने नव्या घोषणांआधी जुन्या पाझर तलावांतील गाळ काढावा, अशा मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे ऊसतोड सुरू होण्यापूर्वीच उघडावीत आणि हमीभावाने ज्वारी खरेदी करणारी केंद्रे तालुक्यातच वेळेवर सुरू करावीत, ही कळकळीची विनंती.

– एक शेतकरी वाचक, जि. बीड