बँडच्या रेकॉर्डिंगची एक प्रत ग्रंथालयात ठेवून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत गोव्याच्या संगीतावर पानभर मजकूर आला. नाट्यसंगीत, भजन, मांडो, तियात्रातली कांतारां, सगळं होतं. आमच्या खाणपट्ट्यातल्या मुलांनी उभ्या केलेल्या ब्लूज-रॉक (अमेरिकेतलं ब्लूज गाणं आणि रॉक यांचा मेळ) बँडसारख्या बँडवर मात्र त्यात एकही ओळ नव्हती. त्या बँडविषयी आणि त्याच्या रेकॉर्डिंगविषयी मला लिहायचं आहे. बँडचं नाव मुद्दामच देत नाही, कारण पत्राची जाहिरात व्हायला नको.

मी गेली चाळीस वर्षं भजनाला पेटीची साथ करतो. ही मुलं शेजारच्या काजूच्या भट्टीला लागून असलेल्या खोपीत तालीम करायची. सुरुवातीला मला तो निव्वळ गोंगाट वाटायचा. एका संध्याकाळी गिटार वाजवणाऱ्याने बाटलीची कापलेली मान बोटात घातली आणि ती तारेवरून सरकवत नेली. जो सूर निघाला तो ना कोमल गांधार, ना शुद्ध. दोहोंच्या मधे कुठेतरी तो थांबला, थरथरला आणि खाली उतरला. पेटीत तो सूर नाहीच. आमच्या बुवांच्या गळ्यातून तो कित्येकदा ऐकला होता, आणि साथीला बसून दर वेळी मला तो सोडून द्यावा लागला होता. त्या दिवसापासून मी खोपीच्या दाराशी खुर्ची टाकून बसू लागलो.

ब्लूजचा ठरलेला साचा बारा मात्राखंडांचा. बहुतेक वेळा तीनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे जुडगे. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. गायक थांबला की गिटार बोलते. अभंगाची ओळ घोळवणाऱ्या आणि झेलणाऱ्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या माणसांमधून हे गाणं वर आलं. आमच्या मुलांनी त्याच साच्यात कोकणीत एक गाणं बांधलं. २०१२ साली खाणी बंद पडल्यावर अंगणात उभ्या राहिलेल्या ट्रकचं ते गाणं. हप्ते चालू, चाकं थांबलेली, टपावर पोफळीची झावळं पडलेली. आमच्या वाड्यावर अशी अंगणं किती होती ते मला ठाऊक आहे. खाणबंदीवर अग्रलेख पुष्कळ आले, पण त्या अंगणात संध्याकाळी बसलेल्या बापाचा आवाज मी त्या गाण्यातच ऐकला.

या गाण्यासह सहा गाणी त्यांनी पदरच्या पैशांनी एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड केली आणि सीडी काढली. पुढे तो स्टुडिओ बंद झाला, संगणक विकला गेला. प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक ज्या डिस्कवर होता तीही गेली. कुणी मुद्दाम काही केलं नाही. जपून ठेवायला हवं, हे कुणाच्या मनातच आलं नाही. चार वर्षांपूर्वी त्यांचा ड्रमर वारला. मागच्या चवथीला त्याच्या आईने मला सांगून पाठवलं, तुमच्याकडची सीडी एकदा ऐकवा. घेऊन गेलो. आमच्या पावसाळ्याने तिच्यावर बुरशी चढवली होती. पहिली दोन गाणी नीट वाजली आणि तिसऱ्याला, जिथे तो एकटाच वाजवतो तिथेच, सीडी अडकली. पुसून पाहिली, पुन्हा लावली, तरी तिथेच. बाई काही बोलल्या नाहीत. चहा ठेवायला आत गेल्या.

आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क ६० वर्षं टिकतो. आमच्या हवेत सीडीला दहा वर्षं काढणंही कठीण. हक्क शाबूत आणि गाणं गेलेलं, असा हा प्रकार आहे.

जपणूक झाली तर काय होतं, याचं उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे. शास्त्रीय गायिका सूरश्री केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानं अंतराळात पाठवली. त्यांच्यावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, हे गोव्यात बहुतेकांना माहीत असतं. पण ती रेकॉर्ड तेव्हा बाजारातून गेलेली होती. शोधाशोध करता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या, म्हणून ती यानावर चढली. त्याच तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सन या टेक्सासच्या अंध गायकाचं १९२७चं ध्वनिमुद्रणही आहे. शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं आणि तारेवर सरकणारा सूर, आमच्या खोपीत ऐकला तसाच. केरीची भैरवी आणि टेक्सासचा ब्लूज एकाच तबकडीत दूर चालले आहेत, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

ब्लूज टिकला त्यात ग्रंथालयाचाही वाटा आहे. १९४१ साली लोकगीतं गोळा करणारे अॅलन लोमॅक्स हे लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन मिसिसिपीतल्या एका मळ्यावर गेले आणि तिथल्या एका ट्रॅक्टर चालवणाऱ्या तरुणाचं गाणं त्यांनी मुद्रित केलं. तो मडी वॉटर्स. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला, आणि पुढे ज्याला जग ब्लूज-रॉक म्हणू लागलं त्याची मुळं त्याच्या विजेच्या गिटारीत सापडतात. तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं, तरी त्याचा आवाज ग्रंथालयात पोचला होता.

आपल्याकडे १९५४च्या केंद्रीय कायद्यानुसार प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते. त्या कायद्यातल्या पुस्तकाच्या व्याख्येत स्वरलिपीचा छापील कागदसुद्धा बसतो, पण वाजवलेलं गाणं बसत नाही. दिल्लीचा कायदा बदलेपर्यंत गोव्याने थांबायची गरज नाही. पणजीत पाटो इथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ सालापासूनची परंपरा असलेलं. गोव्यात निघणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डिंगची एक प्रत तिथे स्वेच्छेने देता यावी, एवढीच माझी मागणी आहे. मूळ दर्जाची फाइल, दाबून लहान केलेली एमपीथ्री नव्हे. सोबत एक कागद, ज्यावर कोणी काय वाजवलं, कुठे आणि कधी मुद्रित झालं ते लिहिलेलं, आणि गाण्याचे शब्द. हक्क कलाकारांचेच राहावेत. तिथे बसून कुणालाही ऐकता यावं.

गाणी आता इंटरनेटवर असतात, वेगळं जपायचं कशाला, असं मला एकाने विचारलं. बँडने गेल्या वर्षी चार नवी गाणी तशी चढवली आहेत. पण गाणी इंटरनेटवर पोचवणाऱ्या काही वितरकांकडे दर वर्षी पैसे भरावे लागतात, आणि भरणं थांबलं की गाणी उतरवली जातात. ते जपणं नव्हे, भाड्याच्या खोलीत सामान ठेवणं झालं.

दुसरा प्रश्न अधिक वेळा ऐकू येतो, की हे परक्यांचं संगीत, त्याचं आपल्याला काय? माझी पेटीही युरोपातूनच आली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दारातच उभी ठेवली होती. आज तिच्याशिवाय आमच्याकडे एक आरती होत नाही. आणि गोव्यात तर चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन शिकवलं गेलं. इथल्याच वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद भरले. त्यांपैकी कितीजणांची नावं रेकॉर्डच्या वेष्टनावर आली? गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर आपला अल्बम स्वतः मुद्रित केला आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेट पोचवल्या, म्हणून तो ऐकायला मिळाला. प्रत्येकाला तेवढं जमत नाही. आमच्या बँडमधला एक वायरमन आहे, एक शाळेत शिकवतो. हॉटेलांत वाजवायला बोलावतात तेव्हा लोकांना ठाऊक असलेलीच गाणी मागतात. ट्रकचं गाणं तिथे कुणी मागत नाही. ते रेकॉर्डिंगमध्येच जगू शकतं.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणं आहे. पुस्तक परिचयाचं सदर आपण दर आठवड्याला चालवता. महिन्यातून एकदा त्यातली अर्धी जागा गोव्यात निघालेल्या नव्या रेकॉर्डिंगला द्या, भाषा आणि वाद्य कुठलंही असो. चांगलं नसेल तर तसं लिहा. या मुलांनी वीस वर्षांत आपल्या गाण्याविषयी छापील शब्द वाचलेला नाही.

माझ्या सीडीवरची वाजणारी पाच गाणी भाच्याने फाइलमध्ये उतरवून दिली आहेत. अडकलेलं तिसरं गाणं आणखी कुणाकडे शिल्लक असेल, तर त्यांनी कृपया आपल्या कार्यालयाकडे कळवावं. पाऊस लागण्याआधी मिळालं तर बरं, त्या माउलीला मी शब्द देऊन आलो आहे.

आपला,
एक पेटीवादक वाचक
फोंडा तालुका, गोवा