कंपनीच्या आतल्या कल्पनांकडे पण बघा

संपादक महोदय,
नावीन्य म्हटलं की सगळे स्टार्टअपबद्दलच बोलतात, पण चालू कंपनीच्या आत नवीन कल्पनेचं काय होतं यावर पण चांगलं संशोधन झालंय. संस्था कशा चालतात याचा अभ्यास करणारे अमेरिकन प्राध्यापक जेम्स मार्च यांनी 1991 साली मांडलं की संस्था हातातलं काम सुधारण्यात एवढ्या गुंततात की नवं शोधायचं मागे पडतं, कारण त्याचं फळ उशिरा मिळतं आणि मिळेलच असंही नाही. मी गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात हे रोज बघतो. आमच्या पॅकिंग लाइनवर बॉक्स अडकायचे, एका ऑपरेटरने सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पट्टीला लावला आणि अडकणं थांबलं, पण ऑडिट आहे म्हणून साहेबांनी तो काढायला लावला, कशाला लावला होता हे कोणी विचारलंसुद्धा नाही. फार वाईट वाटलं.

थ्रीएम या अमेरिकन कंपनीत शास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांचा 1968 चा कमी चिकटणारा गोंद कित्येक वर्षं पडून होता, पण तिथलेच सहकारी आर्ट फ्राय यांची चर्चच्या गाण्यांच्या पुस्तकातली खुणेची चिठ्ठी सारखी पडायची म्हणून त्यांना तो आठवला आणि 1980 ला पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून परत काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, बाजारात आलं. तिथे 15 टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेला द्यायची मुभा होती ना!

गोवा विद्यापीठातल्या मॅनेजमेंटच्या मुलांनी वेर्णा, कुंडईला येऊन अशा ऑपरेटरांशी बोलावं, प्रबंधात त्यांचं पण लिहावं.

- एक वाचक, मडगाव