पावसाळ्यात वाडीला व्हाळाची वीज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आफ्रिकेतल्या खेड्यांनी स्वतः चालवलेल्या वीज प्रकल्पांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण सगळा भर सौर पॅनेलवर आहे. कोकणातल्या वाचकाला त्याहून उपयोगाची गोष्ट केनियात, वाहत्या पाण्यावर झालेली आहे. आम्ही वीजजोडणी आणि नळपाणी योजनांची कामं करणारी माणसं आहोत, त्यामुळे थोडं तपशिलात लिहितो.

कोकणात वीज पोचली आहे, टिकत मात्र नाही. तारा फणस-काजूच्या बागांतून आणि रानातून जातात. जूनच्या पहिल्या वाऱ्याला फांदी पडली की वाडी अंधारात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. आता पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान मिळतं म्हणून छपरावर सौर संच बसवणाऱ्यांची समजूत अशी, की लाइन गेली तरी आपलं घर उजळलेलं राहील. तसं होत नाही. महावितरणच्या लाइनला जोडलेला ऑनग्रिड इन्व्हर्टर लाइन जाताच स्वतःहून बंद पडतो, आणि पडलाच पाहिजे. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला खालून शॉक बसेल. बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तरी आषाढात आठ-आठ दिवस ऊन नसतं. नेमक्या त्याच दिवसांत वाडीशेजारचा पऱ्या, म्हणजे व्हाळ, ओढा, दुथडी भरून वाहत असतो. पावसाळ्यात व्हाळ, उघडीपीनंतर सूर्य, अशी ही जोडी आहे.

केनिया पर्वताच्या दक्षिण उतारावर किरिन्यागा भागात काथांबा आणि थिमा ही दोन ठिकाणं आहेत. काथांबात सुमारे 28 मीटर उंचीवरून सेकंदाला 8.4 लिटर पाणी 110 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपातून खाली आणून पेल्टन चाकावर, म्हणजे कडेला वाट्या असलेल्या टर्बाइनवर, सोडलं. वीज मिळाली 1.1 किलोवॅट, आणि घरं 65. थिमात उंची कमी, 18 मीटर, पण पाणी सेकंदाला 28 लिटर. तिथे साधा सेंट्रिफ्यूगल पंप उलटा चालवून, म्हणजे त्यात उलट्या बाजूने पाणी सोडून, 2.2 किलोवॅट काढले. या आकड्यांना हसू नये. पाण्याच्या ताकदीपैकी निम्म्याहून थोडी कमीच वीज हाती लागते, एवढ्या छोट्या संचात तसंच होतं. पण 9 वॅटचे दोन एलईडी दिवे आणि एक मोबाइल चार्जर धरला तर घरी 28-30 वॅट लागतात. 35 घरांची वाडी 1.1 किलोवॅटमध्ये आरामात बसते.

आधी मोजणी. पाइप, टर्बाइन, देणगीदार, सगळं नंतर. पत्र्यात 90 अंशाचा व्ही आकाराचा कट घ्यावा, पत्रा व्हाळात आडवा, पाणसळीत बसवावा आणि कडेने चिकणमाती दाबावी. कटातून पाणी मोकळं खाली पडलं पाहिजे. कटाच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, मात्र पत्र्याला चिकटून नव्हे, अर्धा मीटर वरच्या बाजूला, कारण पत्र्याजवळ पाण्याचा पृष्ठभाग खाली वाकतो. ही उंची 13 सेंटीमीटर भरली तर प्रवाह सेकंदाला 8.4 लिटर, म्हणजे नेमका काथांबाइतका. 10 सेंटीमीटर भरली तर 4.4 लिटर. तीन सेंटीमीटरच्या फरकात पाणी निम्म्यावर येतं, म्हणून नजरेने ‘बारमाही आहे हो’ म्हणणाऱ्यावर विसंबू नये. उंचीतला फरक मोजायला गवंड्याची लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, पुरते.

पाइपात काटकसर केली की संच पांगळा होतो. 8.4 लिटर पाणी 160 मीटर लांबीच्या 110 मिलिमीटर पाइपातून नेलं तर घर्षणात दीड मीटर उंची जाते. त्याच पाण्याला 75 मिलिमीटरचा पाइप लावला तर नऊ मीटरच्या वर जाते, म्हणजे उंचीचा तिसरा हिस्सा पाइपातच संपला. पाइप पुरावा, निदान झाकावा तरी. उन्हात पीव्हीसी ठिसूळ होतं आणि गुरांचा पाय पडतो.

कोकणातलं खरं दुखणं तोंडाशी आहे, जिथे पाणी आत घेतो तिथे. तोंड प्रवाहासमोर ठेवलं तर पहिल्या लोंढ्यात दगडगोटे पाइपात जातात. ते काठाला, प्रवाहाशी काटकोनात काढावं, पुढे गाळ बसायला टाकी ठेवावी, टाकीच्या तळाला गाळ सोडायचा व्हॉल्व्ह आणि पाइपाच्या तोंडावर तिरकी जाळी. जांभ्याची लाल माती आणि ऐन-किंजळाचा पाला यांनी जुलैत जाळी दिवसातून दोनदा भरते. ती साफ करायला माणूस ठरलेला नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. जाळी तुंबली की पाइपात हवा शिरते, चाक धडधडतं, बेअरिंग जातं.

जनरेटर म्हणून तीन फेजची साधी इंडक्शन मोटर चालते, तिला कपॅसिटर जोडावे लागतात. ते मोटर-रन प्रकारचे हवेत. स्टार्टिंगचे लावले तर फुटतात. रात्री घरोघरचे दिवे मालवले की भार उतरतो, चाक सुसाट सुटतं आणि व्होल्टेज चढतं. म्हणून उरलेली वीज आपोआप हीटरच्या कॉइलकडे वळवणारा कंट्रोलर लागतो. कॉइल कायम पाण्यात बुडालेली असावी. उलट, भार मर्यादेबाहेर गेला तर मोटरचं चुंबकत्व कोसळतं आणि सगळी वाडी एकदम विझते. त्यानंतर कधी कधी संच पुन्हा वीजच धरत नाही. मग बंद मोटरच्या वेटोळ्याला 12 व्होल्टच्या बॅटरीचा क्षणभर स्पर्श द्यायचा. पंप उलटा चालवायचा असेल तर त्याचा इम्पेलर (आतलं फिरणारं चाक) आट्यांवर बसवलेला नसावा, उलट फिरताना तो सुटून येतो. शिवाय पंपाला पाणी कमी-जास्त झालेलं खपत नाही. आपले व्हाळ भाद्रपदापासून महिन्यागणिक उतरत जातात, तेव्हा 25 मीटरच्या वर उंची असेल तर दोन नोझलचा (पाण्याची धार सोडणाऱ्या तोट्यांचा) पेल्टन घ्यावा. पाणी ओसरलं की एक नोझल बंद.

गणपतीत परीक्षा होते. मुंबईकर आलेले असतात, मखराला माळा, आणि कुणीतरी 1500 वॅटचा पाणी तापवायचा रॉड लावतो. संच मुळात 1100 वॅटचा! म्हणून केनियात घरटी लोड लिमिटर बसवले: ठरल्यापेक्षा जास्त ओढलं की त्या घराचाच पुरवठा तुटतो, थंड झालं की परत येतो. तो लिमिटर खांबावर असावा, घरात नको. ही वायरिंग महावितरणच्या वायरिंगपासून पूर्ण वेगळी ठेवावी, दिवे वेगळे, होल्डर वेगळे. वायर मोजून घ्यावी: अर्धा किलोमीटर अंतराला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली आणि 5 अँपिअर ओढले तर 22 व्होल्ट वाटेतच जातात.

आता पैसा. पूर्व केनियातल्या तुंगू-काबिरी इथल्या 18 किलोवॅटच्या प्रकल्पात गावकऱ्यांनी भाग विकत घेतले आणि श्रमही दिले. मलावीत मुलांजे डोंगराखालच्या बोंडो भागात प्रीपेड मीटर आहेत. आपल्याकडे गावकी आहे, देवळाची वर्गणी चोख जमते, आणि मुंबईचं मंडळ संच एकरकमी देऊनही टाकेल. धोका तिथेच आहे. देणगीत आलेल्या संचाची महिन्याची वर्गणी कुणी भरत नाही. आफ्रिकेतले देणगीतून उभे राहिलेले कितीतरी सौर प्रकल्प पहिल्या बॅटरी-बदलाला बंद पडले ते यामुळेच. 35 घरांनी महिना 60 रुपये भरले तर वर्षाला 25,200 होतात. जाळी-गाळ पाहणाऱ्याला महिना हजार दिला तरी 13,200 उरतात. त्यात बेअरिंग, कपॅसिटर, सील आणि सौर बाजूच्या पुढच्या बॅटरीची तरतूद. मंडळाने देणगी द्यावी, पण पहिले सहा महिने वसुली झाल्याची वही पाहून.

शिकवायचं कुणाला, हेही ठरवून घ्यावं. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेतल्या अनेक देशांच्या मध्यमवयीन, बहुतेक निरक्षर बायका सहा महिने राहून सौर संच जोडायला आणि दुरुस्त करायला शिकल्या. तरुणांना शिकवलं की ते शहर गाठतात, हा तिथला हिशेब. कोकणाला तो वेगळा समजावून सांगायला नको. वाडीतल्या बचत गटाच्या दोघीतिघींना मल्टीमीटर धरायला शिकवावं. सोल्डरिंग त्यांना आठवड्यात येतं.

सौर बाजू थोडक्यात. खारी हवा असेल तर रंगवलेलं लोखंड नको, हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेलं) स्ट्रक्चर आणि स्टेनलेसचे बोल्ट घ्या. पॅनेलचा उतार रत्नागिरीच्या अक्षांशाइतका, 17 अंश. माडाच्या एका झावळीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या साखळीची वीज घटते.

बागायतदारांशी आधी बोलून घ्यावं. टर्बाइनमधून पाणी खर्च होत नाही, पण ते पोफळीच्या बागेच्या पाटाच्या वरच सोडलं पाहिजे, खाली नव्हे. मार्गशीर्षानंतर पाटाचा हक्क पहिला, हे लेखी असावं. जागा वनखात्याची असेल तर परवानगीशिवाय कुदळ मारू नये.

ज्या वाड्यांना यात रस आहे त्यांनी यंदा गणपती आटोपले की पत्रा बसवावा आणि जानेवारीअखेरपर्यंत दर रविवारी आकडा वहीत लिहावा. उंची 28 मीटर असली तरी पत्र्यावर 5 सेंटीमीटर पाणी उरलं की हाती फक्त शंभर वॅट येतात. त्या आठवड्यापासून सौर संचावर जायचं. आणि दिवाळीतच 5 सेंटीमीटर भरत असेल तर त्या व्हाळावर टर्बाइनचा खर्च करू नये.

आपले,
वीज व पाणी योजनांची कामं करणारे काही वाचक,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी