वॉरंट नाकारले? आधी अर्ज वाचा

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

न्यायदंडाधिकाऱ्यांनी अजामीनपात्र वॉरंट (अटक करून थेट न्यायालयात हजर करण्याचा आदेश) नाकारले की 'कोर्ट साथ देत नाही' अशी कुरकुर पोलीस ठाण्यांत सुरू होते. मुंबईत फौजदारी वकिली करणारे आम्ही काही जण एवढेच सुचवतो: पोलिसांचा नाकारलेला अर्ज एकदा मागवून वाचा.

दखलपात्र (पोलीस स्वतःहून दखल घेऊ शकतात अशा) गुन्ह्यात अटकेला बहुधा वॉरंट लागतच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मधील विनावॉरंट अटकेच्या अटी पाळल्या की झाले. तरी ते मागितले जाते, कारण कलम ८४ खाली फरारी जाहीर करायचे तर आधी वॉरंट निघालेले हवे. असे वॉरंट काढण्यासाठी कलम ७५ आहे, पण गुन्हा अजामीनपात्र असून भागत नाही, आरोपी अटक टाळतो आहे हेही दिसावे लागते. अर्ज लंगडा पडतो तो इथेच. 'आरोपी राहत्या पत्त्यावर मिळून आला नाही', संपले. कोण गेले, किती वाजता, किती वेळा? सकाळी अकराला कामावर गेलेला माणूस घरी सापडत नाही, म्हणून तो फरार ठरत नाही. कित्येकदा पत्ता चाळीचा असतो आणि चाळ पुनर्विकासात केव्हाच पडलेली. रहिवाशांना तात्पुरते हलवलेल्या संक्रमण शिबिरात चौकशीला कोणी गेलेलेच नसते.

१९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातही मुंबईच्या विशेष न्यायालयाने सीबीआयला दाऊद इब्राहिमविरुद्ध वॉरंट नाकारले होते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास चालू असतानाही वॉरंट काढता येते असे ठरवले; मात्र ते न्यायालयात हजर करण्यासाठी, केवळ तपासाला मदत म्हणून पोलिसांपुढे आणण्यासाठी नव्हे. तेव्हा 'तपासकामी आवश्यक' हे अर्जातले लाडके शब्द खोडलेलेच बरे.

न्यायालय हात आखडता घेते त्याला आणखी एक कारण आहे. वॉरंट बजावले किंवा रद्द केले जाईपर्यंत जिवंत राहते. महाराष्ट्रातच रद्द झालेल्या वॉरंटवर अटक झाली होती. त्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटला अनुक्रमांक, नोंदवही आणि परतीची तारीख हवी असे बजावले.

आपण एक परिपत्रक काढावे. अर्जासोबत प्रत्येक भेटीची तारीख-वेळ व स्टेशन डायरीतली (पोलीस ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतली) नोंद, शेजारी किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीचा जबाब, आणि कलम ३५(३) ची (अटकेऐवजी पोलिसांपुढे हजर राहण्याची) नोटीस दिली असल्यास तिचा बजावणी अहवाल जोडलेला असावा. अटकपूर्व जामीन अर्ज प्रलंबित असेल तर तेही लिहावे. सत्र न्यायालयात सरकारी वकील त्याच अर्जाला उत्तर देत असताना इकडे 'ठावठिकाणा नाही' म्हणणे कोणत्या न्यायाधीशाला पटेल?

आपले,
मुंबईतील काही फौजदारी वकील