दहा नको, दोनच पेट्या

ते पुके, न्यूझीलंड
१६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न.

तुम्ही दहा मधपेट्यांचं बोलले अन् फोन कटला. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून लिहूनच काढतो. दहा नका घेऊ, दोन घ्या. एकटी एकच पेटीही नको. एकीचं काही बिघडलं हे कळायला शेजारी दुसरी पाहिजे.

इथे सध्या किवी फुलावर आहे. या फुलात मकरंद नसतोच, नुसते पराग; त्यात नर-मादी झाडं वेगळी. म्हणून नराचे पराग मादीवर न्यायला भाड्याच्या मधपेट्या आणून बागेत ठेवतात, अन् मी त्या उतरवायला जातो. मागच्या आठवड्यात घाईत पेटीतली पोळ्याची मधली चौकट तिरपी उचलली आणि राणीच चिरडली. मालक काही बोलला नाही, पण मलाच जेवण गेलं नाही. आता आधी कडेची चौकट काढून जागा करतो, मग मधली सरळ वर घेतो. राणी शोधतही बसत नाही. पोळ्यातल्या घराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक अंडं उभं दिसलं, की गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती समजायचं.

इथली माशी युरोपातली. तुम्ही आपली देशी सातेरी माशीच घ्या. २००० साली इथे व्हरोआ नावाची गोचीड सापडली, तिच्यावर औषधं करता करता हे लोक दमलेत. आपली सातेरी त्या गोचिडीची जुनी सोयरी, ती निभावून नेते. पण रुसते फार! मुंग्या, मेणकिडा, ऊन, काहीही झालं की पेटी सोडून चालती होते. म्हणून स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, पेटी गोठ्यामागच्या कडुनिंबाखाली. उन्हाळ्यात जवळ पसरट भांड्यात पाणी, त्यात खडे, नाहीतर माश्या बुडतात. बंडूला म्हणा, आग्या माशी पेटीत राहत नाही, उगाच मोहोळाशी खेळू नको. त्याला महाबळेश्वरच्या मध संचालनालयाच्या प्रशिक्षणाला धाडता आलं तर बघा.

आता तूर फुलली असेल. आज घातलेलं अंडं माशी होऊन फुलावर जायला दीडेक महिना जातो, म्हणजे आत्ता पेटी आली तर संत्र्याच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या आंबिया बहाराला कामाची. पावसाळ्यात फुलं नसली की साखरपाणी द्यावं लागेल, तो खर्च धरा. पहिल्या वर्षी मधाची आस नको.

मला खरी भीती फवारणीची आहे. इथे पीक फुलावर असताना माशीला घातक औषध मारता येत नाही. आपल्याकडे काकांच्या कपाशीवर फवारणी झाली तेव्हा धुऱ्यावर माश्यांचा सडा पडला होता, तुम्हीच दाखवला होता मला. तेव्हा आधी काकांशी बोला. एक दिवस अगोदर सांगा म्हणा, अन् मारायचं तर ऊन उतरल्यावर. ते हो म्हणाले तरच पैसे भरा.

माशी चावली तर काटा लगेच नखाने खरवडून काढा आणि तिथून सरका. डंखाला पिकल्या केळासारखा वास येतो, त्या वासावर बाकीच्या धावून येतात. आईला गांधीलमाशी चावली तेव्हा दम लागला होता, तिला पेटीजवळ जाऊ देऊ नका.

आणि तिला सांगा, पार्सलात मध टाकू नको. इथे आपल्याकडचा मध आत येऊ देत नाहीत.

काका काय म्हणाले ते कळवा.

तुमचा,
राजू